परदेशची पदवी आणि घरचा रोगी

(नभोवाणीवरील भाषण)

घरांतील मुलगा किंवा मुलगी डॉक्टरी शिकण्यासाठीं परदेशीं निघाली म्हणजे केवढी धामधूम उडते हें आपणांस सांगावयास नको. पारपत्र, फीचे हप्ते, लोकरीचे कपडे, मसाल्याच्या पुड्या, विमानतळावरचा निरोप, सगळ्यांची चर्चा होते. परंतु तो मुलगा परत येईल तेव्हां कोणाची नाडी हातांत घेईल, आणि तिकडे शिकलेलें इकडे किती उपयोगीं पडेल, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. जणूं काय पदवी हातांत पडली कीं विद्या पुरी झाली! माझा जन्म समुद्रकांठच्या शाळांतून मुलें शिकविण्यांत गेला. वैद्यकीचें ज्ञान मला वाचनापुरतेंच आहे. तरी आमच्या रायगड जिल्ह्याशीं, म्हणजे जुन्या कुलाब्याशीं, या प्रश्नाचा जो संबंध आहे तो बराच जुना व बोधप्रद आहे, म्हणून त्यावर चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

अलिबागेहून मांडव्याकडे जातांना झिराड नांवाचें गांव लागतें. शनिवार-रविवारीं मुंबईच्या मोटारी या गांवावरून समुद्रकांठच्या बंगल्यांकडे धांवत असतात. त्यांत बसलेल्यांपैकीं फारच थोड्यांना या गांवाच्या नांवाचें महत्त्व ठाऊक असेल. आमच्या किनाऱ्यावर शेंकडों वर्षें बेने इस्राएल लोक राहत आले. तेल गाळणें हा त्यांचा मूळ धंदा. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी, आणि आडनांवेंहि इतर कोंकणस्थांप्रमाणें गांवांवरून पडलेलीं. किहीमचे ते किहीमकर, रोह्याचे ते रोहेकर, दिव्याचे ते दिवेकर. झिराड गांवाचें नांवहि असेंच एका घराण्यास चिकटलें, आणि त्या घराण्यांत १८९० सालीं डॉ. जेरुशा झिराड यांचा जन्म झाला. जन्म शिमोग्याचा, शालेय शिक्षण पुण्याचें. पण आडनांवानें त्यांना आमच्या किनाऱ्याशीं कायमचें बांधून ठेविलें आहे.

बाई लहान असतांना त्यांच्या थोरल्या बहिणीवर मुंबईच्या कामा इस्पितळांत उपचार झाले व ती वांचली. तेथील डॉक्टरीण बाईंचें काम पाहून या मुलीनें मनाशीं ठरविलें कीं, आपणहि डॉक्टर व्हावयाचें, आणि व्हावयाचें तें याच इस्पितळाचें मुख्य. ज्या काळांत हें पद इंग्लंडहून आलेल्या बाईंकडेच असावयाचें, त्या काळांतली ही गोष्ट. १९१२ मध्यें ग्रँट मेडिकल कॉलेजचा अभ्यासक्रम पुरा करून त्या पुढें लंडनास गेल्या. हिंदुस्थान सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ति मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. महायुद्धाचा तो काळ. लंडनच्या इस्पितळांतील पुरुष डॉक्टर आघाडीवर गेलेले, त्यामुळें एरवीं स्त्रियांना बंद असलेल्या जागा त्यांना मोकळ्या झाल्या होत्या. १९१९ सालीं त्यांनीं लंडन विद्यापीठाची प्रसूतिशास्त्रांतील एम्. डी. ही पदवी घेतली. मग परत येऊन, दिल्ली व बंगलोर येथें कांहीं काळ काम करून त्या मुंबईस आल्या, आणि १९२८ च्या सुमारास खरोखरच कामा इस्पितळाच्या मुख्य झाल्या. १९४७ पर्यंत त्या तेथें होत्या.

येथवर ही कथा एखाद्या यशस्वी विद्यार्थिनीचीच वाटेल. मला तिचें महत्त्व वाटतें तें पुढच्या कामामुळें. पण तें सांगण्यापूर्वीं थोडें मागें जाणें अवश्य आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव प्रत्येक मराठी घरांत ठाऊक आहे. त्यांच्या आयुष्यांतील अलिबागेचा काळ मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. लग्नानंतर पोस्टांत नोकरीस असलेल्या गोपाळरावांची बदली अलिबागेस झाली होती, आणि बाईंच्या शिक्षणाचे कांहीं धडे याच गांवीं गिरविले गेले. पुढें चवदाव्या वर्षाच्या आंतच झालेलें मूल दहा दिवसांत गेलें. त्या दुःखांतून त्यांचा वैद्यकीचा निश्चय झाला. १८८३ मध्यें त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, १८८६ च्या मार्च महिन्यांत फिलाडेल्फियास एम्. डी. झाल्या. पदवीसाठीं त्यांनीं प्रबंध लिहिला तो आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर. परदेशीं बसून त्यांचें लक्ष घरच्या बाळंतिणीवरच होतें असें मी समजतों. कोल्हापूर दरबारनें अल्बर्ट एडवर्ड इस्पितळाच्या स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकहि करून ठेविली होती. जागा तयार, विद्या तयार, आणि शरीर मात्र क्षयानें पोखरलेलें. नोव्हेंबरांत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. वय अवघें एकवीस.

त्यांच्यामागून गेलेल्या रखमाबाई अधिक भाग्यवान ठरल्या. नवऱ्याकडे नांदावयास जाण्यास नकार दिल्याचा त्यांचा खटला गाजला. तो मिटल्यावर १८८९ सालीं त्या लंडनास गेल्या, १८९४ मध्यें डॉक्टर झाल्या, आणि परतल्यावर सुरतेस व नंतर राजकोटास मिळून तीस वर्षांहून अधिक काळ स्त्रियांच्या इस्पितळांतून त्यांनीं काम केलें. खटल्याची गोष्ट पुष्कळ लोक सांगतात. तीस वर्षांच्या या नित्याच्या कामाबद्दल फारसें कोणी बोलत नाहीं. खटला एकदां होतो, बाळंतीण रोज येते.

आतां डॉ. झिराड यांच्याकडे वळूं. लंडनास जें प्रसूतिशास्त्र त्या शिकल्या तें लंडनच्या स्त्रियांवर तयार झालेलें होतें. हातांची कला, शस्त्रक्रिया, स्वच्छतेची शिस्त, हीं सर्वत्र सारखीं. पण बाळंतीण कशानें मरते या प्रश्नाचें उत्तर मात्र सर्वत्र सारखें नसतें. मुंबईच्या चाळींतून येणारी बाई गरोदरपणाच्या सुरुवातीसच फिकी पडलेली असे. हिंवताप, पोटांतील जंत, पाठोपाठचीं बाळंतपणें आणि निकृष्ट अन्न यांमुळें तिच्या अंगांत रक्तच उरलेलें नसे. लंडनमधील निरोगी बाई जेवढा रक्तस्राव सोसून उठून बसेल, तेवढ्यानें ही जागच्या जागीं संपे. पुस्तकांत तिच्या मरणाचें कारण रक्तस्राव असें लिहिलें जाई. खरें कारण सहा महिने आधींच घडून चुकलेलें असे.

याच सुमारास, १९२८ मध्यें, लंडनच्या त्याच स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेंतून शिकलेल्या डॉ. लूसी विल्स मुंबईंत आल्या आणि हाफकिन संस्थेंत गिरणींतील गरीब गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा शोध करूं लागल्या. या पंडुरोगाचा एक प्रकार असा होता कीं, त्यांत रक्तांतील तांबड्या पेशी थोड्या, पण नेहमींपेक्षां मोठ्या होत. लोह देऊन तो हटत नसे. जंतूंचा दोष आहे काय तें त्यांनीं पाहिलें; तसें आढळलें नाहीं. मग अन्नाकडे लक्ष गेलें. प्रथम उंदरांवर, पुढें माकडांवर प्रयोग झाले, आणि पंडुरोगी माकड बरें झालें तें मार्माइट नांवाच्या एका स्वस्त चाटणानें. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या किण्वापासून हें चाटण करतात. विलायतेंत गरीब लोक तें पावाला लावून खातात. तेंच रोगी बायकांस दिलें तेव्हां थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तांत नव्या पेशी दिसूं लागल्या. हें १९३१ सालीं प्रसिद्ध झालें. त्या चाटणांत नेमकें काय होतें तें कळण्यास आणखी दहा वर्षें लागलीं. १९४१ मध्यें पालकाच्या पानांतून तें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें व पानाच्या लॅटिन नांवावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हणूं लागले. आज सरकारी दवाखान्यांत प्रत्येक गरोदर बाईस एकशें ऐंशी दिवस लोहाची जी गोळी मिळते, तींत हें द्रव्य घातलेलें असतें. म्हणजे पहा, शिक्षण लंडनचें खरें, पण तो धडा मुंबईच्या गिरणगांवांत सांपडला, आणि येथून तो लंडनास गेला. आपल्या घरांतील सुनांस ती गोळी कडू लागते, मळमळतें म्हणून त्या ती कोनाड्यांत ठेवून देतात. त्यांना हा इतिहास एकदां सांगून पहावा.

डॉ. झिराड यांनीं स्वतः केलेलें मोठें काम म्हणजे मुंबई शहरांतील मातृमृत्यूंच्या कारणांची चौकशी. तिचा अहवाल १९४१ सालीं सरकारनें छापला. अशा चौकशीची रीत आपण समजून घेण्यासारखी आहे. मेलेल्यांची नुसती संख्या मोजून कांहीं कळत नाहीं. प्रत्येक मृत्यूचा माग उलट दिशेनें काढावा लागतो. बाईनें पहिल्यानें कोणास कधीं दाखविलें? घरीं सुईण होती कीं कोणीच नव्हतें? कळा सुरू होऊन किती वेळानें इस्पितळांत आणलें? आणल्यावर रक्त होतें काय, हात रिकामे होते काय? उत्तरें कधीं घरच्यांना लाजविणारीं निघतात, कधीं इस्पितळाला. ज्या इस्पितळाच्या आपण मुख्य, त्यालाहि हेच प्रश्न विचारावयाचे, याला पदवीपेक्षां निराळें धैर्य लागतें. बाईंना पुढें १९६६ मध्यें पद्मश्री मिळाली. त्याहि आधीं, १९५० सालीं प्रसूतिवैद्यांचा जो अखिल भारतीय संघ स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत त्या होत्या. मला मात्र हा अहवाल त्यांच्या सर्व मानमरातबांहून मोठा वाटतो.

आजचे तज्ज्ञ मातृमृत्यूचे तीन विलंब सांगतात. निर्णय घेण्यास लागलेला विलंब, पोंचण्यास लागलेला विलंब, आणि पोंचल्यावर उपचार मिळण्यास लागलेला विलंब. समुद्रकांठच्या माणसास हे पाठ करावे लागत नाहींत. ‘सासूबाई येऊं देत, मग ठरवूं’ हा पहिला. खाड्यांनीं चिरलेला मुलूख, पावसाळ्यांत बंद पडणाऱ्या गेटवेच्या लाँची, श्रीवर्धनाहून अलिबाग गांठावयास लागणारे तीन-तीन तास, हा दुसरा. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारीसकट नेणारी बोट सुरू झाली, १०८ क्रमांकाची गाडीहि येते. अंतर पूर्वींपेक्षां कमी झालें खरें. आणि गाडींतून उतरल्यावर भूल देणारा डॉक्टर रजेवर असला कीं तिसरा विलंब सुरू होतो. परदेशची पदवी या तिन्हींपैकीं फार तर तिसऱ्याचा एक भाग कमी करूं शकते.

याच्या उलट बाजूचें एक उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे परदेशीं शिकलेले नव्हेत. १९७६ मध्यें ते महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यांत आले, तेव्हां तांबडा विंचू चावलेलीं धडधाकट माणसें व मुलें त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होतीं. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत या विंचवाविषयीं उपयोगीं पडेल असें कांहींच नव्हतें. तीं पुस्तकें लिहिणारांच्या देशांत असा विंचूच नाहीं! बावस्करांनीं रोग्यांच्या खाटेशीं बसून दंशानंतर तासातासाला काय घडतें तें टिपलें. विषामुळें शरीरांत उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतें आणि फुप्फुसांत पाणी भरतें. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारें प्राझोसिन नांवाचें औषध रक्तदाबासाठीं आधींच प्रचारांत होतें. तें वेळेवर दिल्यास माणूस वांचतो हें त्यांनीं दाखवून दिलें. दंशानें अत्यवस्थ होणाऱ्यांतील मृत्यु शंभरांत तीस-चाळीसांवरून एक-दोनांवर आले. त्यांचे लेख लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकानें १९८२ पासून छापले. महाडच्या दवाखान्यांतून लंडनास पाठ गेला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मग परदेशीं जाऊं नये काय? असें मी म्हणत नाहीं, आणि म्हटलें तरी कोणी ऐकणार नाहीं. डॉ. अभय व राणी बंग हें दांपत्य अमेरिकेंत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत गेलें तें सार्वजनिक आरोग्याचें शास्त्र शिकण्यासाठीं, आणि परतून गडचिरोलीस बसलें. तेथें त्यांनीं प्रथम मोजणी केली. दोन खेड्यांतील साडेसहाशें स्त्रियांची तपासणी करून १९८९ सालीं त्यांनीं जगास दाखविलें कीं, शंभरांत ब्याण्णव जणींना कांहींना कांहीं स्त्रीरोग आहे, आणि पूर्वीं कधीं तपासणी झाली होती ती अवघ्या आठ जणींची. पुढें गांवांतीलच बायकांना शिकवून नवजात मुलांची घरींच शुश्रूषा करविली व बालमृत्यु निम्म्याहून खालीं आणले. बाल्टिमोरनें त्यांना उत्तरें दिलीं नाहींत. प्रश्न कसा विचारावा तें शिकविलें. परदेशांत शिकावयाचें तें हेंच, असें माझें मत आहे.

आतां कायद्याची गोष्ट थोडक्यांत सांगतों, कारण पालकांना ती उशिरां कळते. एके काळीं हिंदी डॉक्टरांची परीक्षा लंडन करी. १९३० मध्यें तेथील मेडिकल कौन्सिलनें हिंदी पदव्यांची मान्यता काढून घेतली. येथील प्रसूतिशास्त्राचें शिक्षण अपुरें असल्याची तक्रार या वादाच्या मुळाशीं होती. त्यांतून १९३३ च्या कायद्यानें आपली स्वतःची कौन्सिल निघाली. आज चक्र उलटें फिरलें आहे. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान किंवा फिलिपाइन्स येथून पदवी घेऊन येणारास दिल्लीची चाळणी-परीक्षा द्यावी लागते. २००२ पासून ती चालू आहे. तीनशें गुणांपैकीं दीडशें हवेत. आणि अनेक खेपांस उत्तीर्ण होणारे शंभरांत वीस-पंचविसांच्या आसपासच असतात. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणें शिक्षण किमान चोपन्न महिन्यांचें व इंग्रजींतून झालेलें पाहिजे, तिकडे बारा महिन्यांची उमेदवारी पाहिजे, आणि शिवाय इकडे आणखी बारा महिन्यांची. पैसे भरण्यापूर्वीं हीं कलमें घरांत मोठ्यानें वाचावींत. एजंट तीं वाचून दाखवीत नाहीं.

चाळणी असावी याबद्दल माझी तक्रार नाहीं. पण ती विद्येच्या ज्या अर्ध्या भागाची परीक्षा घेते तो पुस्तकांतला अर्धा भाग होय. उरलेला अर्धा रोग्याच्या तोंडीं असतो. ‘बाई अडली’ या दोन शब्दांत आमची सुईण जें सांगते तें इंग्रजी पाठ्यपुस्तकास एक प्रकरण लागतें. ‘अंगावरून जातें’, ‘पोटांत गोळा उठतो’, ‘जीव घाबरा होतो’, ‘हातापायांना मुंग्या’ हीं वाक्यें ज्यास कळत नाहींत, त्यास रोगी अर्धाच कळला. त्यांतहि आगरी व कोळी बायका बोलतात ती मराठी पुण्याची नव्हे. सहा वर्षें बर्फांत काढून आलेल्या मुलास ती पुन्हां कानांत भरून घ्यावी लागेल.

म्हणून परतल्यानंतरच्या त्या बारा महिन्यांच्या उमेदवारीकडे पालकांनीं उपचार म्हणून पाहूं नये. शक्य असल्यास मुंबईच्या मोठ्या इस्पितळाचा हट्ट सोडून जिल्ह्याचें इस्पितळ मागावें. मोठ्या इस्पितळांत नवख्याच्या पुढें दहा जण उभे असतात. जिल्ह्याच्या ठिकाणीं रात्रीं दोन वाजतां तो रोग्यासमोर जवळजवळ एकटाच असतो, आणि मोठ्या डॉक्टरास केव्हां उठवावयाचें हें त्याला तेथेंच कळूं लागतें. अलिबागेस आतां सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालें आहे. आमच्याकडच्या दवाखान्यांत उन्हाळ्यांत विंचवाचे रोगी येतात, भाताच्या लावणीस सर्पदंशाचे, आणि नंतर चिखलांत काम करून ताप भरलेले, डोळे लाल झालेले, ज्यांची लघवी कमी होत चालली आहे असे. शेवटच्या प्रकारांत उंदरांच्या मुतांतून पाण्यांत आलेल्या जंतूंचा संशय पहिल्या दिवशींच घ्यावा लागतो. तिसऱ्या-चवथ्या दिवशीं घेऊन बहुधा उशीर झालेला असतो.